विषय क्रमांक एक : इंदूर

नगरच्या सावेडीतल्या आमच्या गल्लीत कुणी "चहा टाकू का?" असं विचारलं, की अजूनही कुणीतरी हमखास म्हणतं, "सूचक कोण? अनुमोदक कोण?" नव्याने राहायला आलेल्यांना वाटतं, ही माणसं नुकतीच कुठल्यातरी निवडणुकीतून उठून आलीत. तसं काही नाही हो. ही भाऊसाहेबांनी लावून ठेवलेली खोड.

भाऊसाहेब हे त्यांचं नाव नव्हे. नाव ज्ञानदेव. पण आपल्याकडे ग्रामसेवकाला सगळा गाव भाऊसाहेबच म्हणतो, आणि हे गृहस्थ चौतीस वर्षं ग्रामसेवक होते. निवृत्त होऊन आमच्या शेजारी छोटं घर बांधून राहिले, पण नोकरी काही अंगातून निघाली नाही. मेंदी निघते हातावरची, ही निघाली नाही.

आम्ही इथं राहायला आलो त्याला पंधरा वर्षं झाली. टेम्पोतून सामान उतरत होतं, सासूबाई देव्हारा छातीशी धरून उभ्या होत्या, आमचे हे हमालांशी हुज्जत घालत होते आणि मी शेगडीचा एक बर्नर कुठं पडला ते शोधत होते. एवढ्यात पांढरा लेंगा-शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं एक लाल, आणि काखेत लांबडं रजिस्टर अशी एक स्वारी फाटकातून आत आली. मला वाटलं, आले जनगणनावाले.

"कुटुंबप्रमुख कोण?"

आमचे हे पुढं सरसावले, पण सासूबाई म्हणाल्या, "मी." भाऊसाहेबांनी एकदा दोघांकडे बघितलं आणि सासूबाईंचं नाव लिहून घेतलं. मग म्हणाले, "आज तुमच्या लायनीला पानी न्हाई. उद्या हाय. दोन हंडे पाठवून देतो. हितं पोच द्या."

म्हणजे या घरातली माझी पहिली सही दोन हंडे पाण्याच्या पोचेवर आहे. पाणी आलं, आणि पाठोपाठ टोपलीत झाकून पिठलं, बाजरीची भाकरी आणि ठेचा घेऊन त्यांच्या मंडळी आल्या. शकुंतलाबाई, आमच्या शकूकाकू. लहानखुऱ्या, खर्ड्याकडच्या, किल्ल्याच्या तटाशी वाढलेल्या. मी म्हटलं, "काकू, ह्याची सही राहिली की." तर पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "त्येंच्या वहीत नुसतं पानी आसतं. बाकीचं मी बघते."

भाऊसाहेबांची दोन वाक्यं गल्लीत पोराटोरांना पाठ होती. पहिलं, "जे लिहिलं न्हाई ते झालं न्हाई." आणि दुसरं, "सचिवाला मत न्हाई, आपण लिहिणारे." ग्रामसेवक हा ग्रामसभेचा सचिव. सभेत त्याने बसायचं, सगळ्यांचं ऐकायचं, लिहायचं, पण हात वर करायचा नाही. या एका नियमावर त्यांनी आयुष्यातली सगळी भांडणं टाळली. गणपतीची वर्गणी वाढवायची की नाही? "सचिवाला मत न्हाई." माझी पुरणपोळी चांगली की समोरच्या वहिनींची? "सचिवाला मत न्हाई." आणि दोन्हीकडच्या दोन-दोन खाऊन मोकळे. कारल्याची भाजी झाली की ताटावर बसून "विरोध नोंदवून घ्या" म्हणायचे आणि निमूट जेवायचे. चहा संपत आला की हळूच, "अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचा विषय," म्हणजे बिस्किटं आणा. जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा लोक वाद घालत बसले, यांनी एका वाक्यात निकाल लावला. लिहिताना अहिल्यानगर, बोलताना नगर.

एकदा त्यांच्या शेवग्याची फांदी मोडून आमच्या पाण्याच्या टाकीवर पडली. झाकणाचे दोन तुकडे. आमचे हे तसे शांत, मेडिकल दुकान चालवणारा माणूस शांतच लागतो, पण त्या दिवशी बनियनवरच तावातावाने बाहेर निघाले. बघतात तर भाऊसाहेब आधीच टाकीपाशी उभे, हातात टेप, आणि पंचनामा निम्मा लिहून झालेला. "वारा : बरा. फांदी : सात हात. झाकण : मयत." वर म्हणाले, "साहेब, निःपक्षपाती पंच पायजे. तुमच्याइतका सरळ मानूस गल्लीत दुसरा न्हाई. करा सही." आता एवढं म्हटल्यावर काय करणार? यांनी सही केली. आणि पंच झाल्यावर भांडता येईना. नवं झाकण भाऊसाहेबांनी दुसऱ्या दिवशी आणून बसवलं, ते सोडा, पण महिनाभर आम्ही शेवग्याच्या शेंगांची आमटी खात होतो. शेवटी सासूबाईंनीच विरोध नोंदवला.

एकदा गप्पांच्या ओघात त्यांनी मला सांगितलं, की मुख्य ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी ग्रामसभा घ्यावी लागते, कायदाच आहे तसा. मी विचारलं, "मग यायच्या का बायका?"

भाऊसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "इतिवृत्त व्हायचं," ते म्हणाले.

आत काकू भाकरी थापत होत्या. थापण्याचा आवाज जरा वाढला.

काकूंच्या त्या घरात भिंतीवर एकच खिळा होता. त्याच्यावर कॅलेंडर, कॅलेंडरच्या मागं पिशवी, पिशवीत किल्ल्या. घर स्वतःचं, भिंत स्वतःची, तरी खिळा एकच. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "दुसरा खिळा ठोकला की बदली आली म्हनून समज. सवय झालीय बाई." नोकरीत अकरा बदल्या झाल्या होत्या. माणूस बदलीच्या धाकाने दागिने लपवेल, कपडे बांधून ठेवेल, पण भिंतीला खिळा मारायला भिणारी बाई मी पहिल्यांदाच बघितली.

त्यांना एकच लेक, माधुरी. ती नवऱ्याबरोबर इंदूरला. दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत काकू न्हाणीघरात चक्कर येऊन पडल्या. आमच्या ह्यांनी आणि रिक्षावाल्याने उचलून दवाखान्यात नेलं. साखर कमी झाली होती, दोन दिवसांत बऱ्या झाल्या. पण माधुरीला इंदूरहून पोचायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली, आणि त्या सगळ्या प्रवासात ती काय समजून बसली असेल ते तिचं तिलाच ठाऊक. आल्या आल्या तिने बापाला सांगून टाकलं, "अण्णा, इंदूरला चला. कायमचं."

झालं. रजिस्टर उघडलं गेलं. विषय क्रमांक एक : इंदूर.

दुसरा कुणी असता तर चार दिवस विचार करून हो-नाही म्हणाला असता. भाऊसाहेबांनी पानावर मधोमध रेघ मारली, डावीकडे निळ्या शाईने 'फायदे', उजवीकडे लाल शाईने 'तोटे', आणि आधी स्थळपाहणीला निघाले. काकूंना घेऊन पंधरा दिवस इंदूरला राहून आले. परत आल्यावर मला ते पान वाचून दाखवलं. मी पोळ्या लाटत होते, लाटणं खाली ठेवून हसत बसले.

फायद्यांत पहिलंच होतं, "कचरागाडी रोज येते. गाणे वाजवत येते. वेळेवर येते." त्यापुढे कंसात, "लाज वाटली." अहो, या माणसाने गावोगाव ग्रामस्वच्छतेची पाटी रंगवत आयुष्य काढलेलं! मग "पाणी गोड. डाळ दोन शिट्ट्यांत शिजते." आणि "लेकीचे तोंड रोज दिसेल."

तोट्यांत : "सकाळी पोहे. त्यावर शेव. सोबत जिलेबी, तीही सकाळीच. पोटाने विचारले, आज लग्न कुणाचे?" मग "शेजारी 'आप' म्हणतात, त्यामुळे भांडण रंगत नाही." मग "लिफ्टमध्ये आरसा आहे. विनाकारण स्वतःकडे बघावे लागते." आणि "बाजरीचे पीठ मिळते, पण दुकानदाराला बाजरीचे विशेष काही वाटत नाही."

मी हसत हसत पुढची ओळ वाचायला गेले तर त्यांनी त्यावर हात ठेवला. मी हात बाजूला सारला. लिहिलं होतं, "मरणाला माणसे : नगरास सर्व गल्ली. इंदुरास लेक, जावई, लिफ्टवाला."

"बघायचं आसतं ना सगळं, ताई," ते म्हणाले. मी लाटणं उचललं आणि बराच वेळ नुसती पोळी लाटत राहिले.

हे पान दोन वर्षं चाललं. गंमत अशी, की दोन्ही बाजू कायम सारख्या. डावीकडे एक फायदा वाढला, की दुसऱ्या दिवशी उजवीकडे एक तोटा सापडलाच म्हणून समजा. माधुरीने फोनवर सांगितलं, की इथं दवाखाना अगदी जवळ आहे. यांनी निळ्यात लिहिलं, आणि संध्याकाळी लालमध्ये, "दवाखाना जवळ असल्याने डॉक्टर उठसूट बोलावतील." माझ्या सासूबाई म्हणायच्या, "ह्या माणसाला जायचं नाही बाई. जायचं नसलं की माणसाला एवढं लिहायला सुचतं." मला तेच हवं होतं. काकूंनी मात्र हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मी एकदा खोदून विचारलं, तर हातातली लसूण सोलत म्हणाल्या, "मला कुठं कुनी इचारलंय?"

लेकीच्या घरात राहायचं नाही, ही भाऊसाहेबांची सगळ्यात मोठी अडचण होती. ती त्यांनी कुठल्याच रकान्यात लिहिली नव्हती. पण यंदाच्या फाल्गुनात माधुरीने तीही काढून घेतली. तिच्याच इमारतीत, तिच्या खालच्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा भाड्याने रिकामी होत होती. घरमालक भला माणूस, पाडव्यापर्यंत थांबतो म्हणाला. पाडव्याला कळवलं नाही तर जागा दुसऱ्याला. आता मात्र रेघ मारून भागणार नव्हतं.

भाऊसाहेबांनी ग्रामसभा बोलावली. घरातलीच. थट्टा नाही, सात दिवस आधी नोटीस काढली, एक स्वतःच्याच दाराला डकवली आणि एक आमच्याकडे पोच घेऊन दिली. आम्ही 'निमंत्रित'. अध्यक्षपद वयाने वडील म्हणून माझ्या सासूबाईंना. त्यांनी तेवढ्यासाठी नवं लुगडं नेसलं.

पहिल्या सभेला मोबाईल डब्याला टेकवून उभा केला होता. माधुरीचा चेहरा दिसला, हलला, तसाच गोठला आणि गेला. भाऊसाहेबांनी पाच मिनिटं घड्याळात बघितलं आणि जाहीर केलं, "गणपूर्तीअभावी सभा तहकूब. आता पुढच्या रविवारी. तहकूब सभेला गणपूर्ती लागत न्हाई." चेहऱ्यावर केवढं समाधान! आठवडा मिळाला होता ना.

पुढच्या रविवारी सगळे जमले. फोनही नीट लागला होता. भाऊसाहेबांनी घसा खाकरला, "विषय क्रमांक एक," एवढं म्हणाले, आणि स्वयंपाकघराच्या दारातून काकू बोलल्या, "आवो, बायांची सभा आधी घ्यावी लागती न्हवं का?"

भाऊसाहेबांचं पेन हवेतच राहिलं.

"तुमीच सांगितलं हुतं ह्या सुलभाला. कायदाच हाय म्हनं. त्याबिगर मोठी सभा व्हत न्हाई."

ती सुलभा म्हणजे मी. खरं सांगायचं तर मला हसू आवरेना. नियमाच्या माणसाला नियमानेच धरल्यावर तो काय करणार? शेवटी म्हणाले, "बरोबर आहे. महिलांची सभा आधी. स्वयंपाकघरात घ्या. सचिव मात्र बसणार."

"बसा की. बोलायचं न्हाई."

मग आम्ही आत बसलो. अध्यक्ष सासूबाई, काकू, मी, दोन्ही घरची भांडी घासणारी लता, आणि पिठाच्या डब्यावर उभी केलेली माधुरी. भाऊसाहेब उंबऱ्यावर पाट टाकून, मांडीवर रजिस्टर घेऊन. आमचे हे बाहेरच्या खोलीत मोठ्या सभेची वाट बघत बसले.

सुरुवातीला सगळं वाहावत गेलं. लताने कुकरच्या शिट्टीची तक्रार मांडली, सासूबाईंनी त्यांच्या भावाच्या मुलाचं इंदूरला जुळता जुळता फिसकटलेलं लग्न काढलं. भाऊसाहेब लिहीत होते, एक शब्द सोडत नव्हते. मग काकू बोलायला लागल्या.

"पाथर्डीतून शेवगाव. शेवगावातून पारनेर. पारनेरातून पार जिल्ह्याच्या त्या टोकाला, डोंगरातल्या अकोल्याला. आमच्या खर्ड्याला पाऊस पावन्यावानी येतो, आला की गेला. अकोल्याला त्यो घरजावयावानी ठान मांडून बसला. तीन दिस रडले मी. मग तिथल्या बाया ओळखीच्या झाल्या, भातलावनीची गानी शिकले, तवर परत ट्रक आला. अकरा येळंला ट्रक आला. ह्ये म्होरं डायवरापशी, मी मागं सामानात. मांडीवर पोर, हातात तुळस. अकरा येळंला कुनी म्हनलं न्हाई, शकू, जायाचं का?"

पेन थांबलं होतं.

"लिवा की," काकू म्हणाल्या. "जे लिहिलं न्हाई ते झालं न्हाई."

भाऊसाहेबांनी मान खाली घातली आणि लिहिलं. जरा वेळाने हळूच विचारलं, "अकरा का बारा?"

"अकरा. बारावी रद्द झाली हुती."

माधुरी डब्यावरून डोळे पुसत होती. काकूंना त्याचं काही नव्हतं, त्या आता रंगात आल्या होत्या. "आता पयल्यांदा इचारलंय. कायद्यानं का व्हईना. तर मला जायाचंय. पोरीसाठी म्हनून न्हाई, ती तिचं बघती. त्या बिल्डिंगच्या खाली बाग हाय. सकाळी बाया येतात आन् गोल उभ्या ऱ्हाऊन हसतात. नुसत्या हसतात! क्लास हाय त्याचा. मला हिंदी येत न्हाई, पर हसायला कुठं भाषा लागती? मी दोन दिस गेले हुते, ह्येंना सांगितलं न्हवतं. आन् तिथं मी चार खिळे ठोकनार हाय. देवाचा येगळा, कॅलेंडरचा येगळा."

"अगं पण शकू, परका मुलूख," सासूबाई म्हणाल्या.

"परका कसला? आपल्याच जामखेडातली लेक तिकडं जाऊन राज्य करून गेली. मला तर नुसतं ऱ्हायाचंय."

यावर अध्यक्षांनी मान डोलावली. "जा बाई. गुडघे आहेत तोवर जा."

"सूचक?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"मी."

"अनुमोदक?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. सांगते स्पष्टच, मला त्या जायला नको होत्या. पंधरा वर्षं भिंतीपलीकडून "सुलभा, मीठ हाय का गं?" ऐकण्याची सवय झालेली. सासूबाईंच्या आजारपणात रात्रंदिवस शेजारी बसलेली ही बाई. ती गेली की मी कुणाला हाक मारणार? पण काकू माझ्याकडे अशा बघत होत्या, जशी शाळेतली पोरगी सहलीला पाठवा म्हणून बघते. मी हात वर केला.

मग बाहेर मुख्य सभा. भाऊसाहेब ताठ बसले. "महिला सभेची शिफारस सभेपुढं ठेवण्यात येत आहे. अनुकूल?" काकूंचा हात, फोनमध्ये माधुरीचा हात, जावईबापूंचाही हात. "प्रतिकूल?" असं म्हणून त्यांनी सावकाश, अगदी ठामपणे, स्वतःचा हात वर केला.

"हात खाली घ्या," काकू म्हणाल्या. "सचिवाला मत नसतं."

मग फोनमधून जावयाचा दाबलेला ठसका ऐकू आला. भाऊसाहेबांनी वर केलेल्या हाताकडे बघितलं, जणू तो दुसऱ्याचाच आहे. आणि खाली घेतला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "सचिवास मत नाही. ठराव बहुमताने मंजूर."

"बहुमतानं का? सर्वानुमते लिवा. इरोध केलाय का कुनी?"

त्यांनी 'बहुमताने' खोडलं आणि वर 'सर्वानुमते' लिहिलं.

आता राहिली होती माझी सही. अनुमोदकाची सही झाल्याशिवाय ठराव पुरा होत नाही, आणि ठराव पुरा झाल्याशिवाय भाऊसाहेब इंदूरला कळवणार नव्हते. पाडव्याला दहा दिवस होते. दुसऱ्या दिवशी ते रजिस्टर घेऊन आले. "ताई, सही?" मी म्हटलं, "चष्मा सापडत नाही हो." डोळ्यांवरच होता. त्यांनी बघितलं, बघितलं नाही असं केलं, आनंदाने चहा घेतला आणि गेले. तिसऱ्या दिवशी माझे हात पिठाचे. चौथ्या दिवशी मी म्हटलं, अमावास्येला सही करू नये. "व्हय, व्हय," ते म्हणाले, "शास्त्र हाय." अमावास्या पाडव्याच्या आदल्या दिवशी असते हे काय त्यांना ठाऊक नव्हतं? आम्ही दोघांनीही एकमेकांना काही बोलून दाखवलं नाही, पण असं रोज टाळत पाडवा गाठला असता तर जागा आपोआप गेली असती. मला जरा शरम वाटायची, पण बिस्किटं मी न मागता पुढं करायची.

पाडव्याच्या दोन दिवस आधी ते सकाळी लवकरच आले. या वेळी चहाला नाही म्हणाले. पायरीवर बसले.

"ताई, ही गच्चीवर एकटीच हसती."

मला कळेना. "कोण?"

"माधुरीची आई. कुरडया घालायला म्हनून वर जाती आन् हसती. हा हा हा, हो हो हो. त्या क्लासची तयारी करती. मी जिन्यात उभं राहून ऐकलं. बेचाळीस वर्षं झाली लग्नाला. मी हिला असं मोठ्यांदा हसताना कधी ऐकलंच नव्हतं. खोल्या लहान, भिंती दुसऱ्याच्या. ती आपली पदर लावायची तोंडाला."

मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसले.

"आनखी एक सांगतो. महिला ग्रामसभेची मी किती इतिवृत्तं लिहिली असतील! सगळी घरी बसून. शिपाई दारोदार फिरून अंगठे आणायचा. अक्षर बघा, सुरेख हाय. त्यातली एकबी सभा झाली न्हवती. जे झालं न्हाई तेच मी लिहीत बसलो." त्यांनी रजिस्टर माझ्यापुढं उघडलं आणि निळ्या पेनाचं टोपण काढलं. "नोकरीत जमली न्हाई ती सभा स्वयंपाकघरात झाली. एवढी एकच खरी. तिला सही पायजे, ताई."

मी पान बघितलं. सगळं होतं. कुकरची शिट्टी होती, फिसकटलेलं लग्न होतं, अकरा ट्रक होते, मांडीवरची माधुरी, हातातली तुळस, चार खिळे. शेवटी नेहमीच्या वळणदार अक्षरात ठराव, आणि त्याखाली, नियमात कुठंही नसलेली एक ओळ. "सचिवास मत नाही. सचिव सोबत जात आहे."

चष्मा डोळ्यांवर होता तरी मला सहीची जागा दिसेना. त्यांनी बोट ठेवून दाखवली. मी सही केली.

"पोच लागंल का?" मी विचारलं.

"नको," ते म्हणाले. "आपल्यात कशाला?" एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

पाडवा झाल्यावर आठव्या दिवशी सामानाचा टेम्पो पुढं गेला आणि जावई गाडी घेऊन आले. सगळी गल्ली फाटकाशी. लताने काकूंना धरून रडून घेतलं, सासूबाईंनी ओटी भरली. जावयाने मागचं दार उघडलं. काकू सवयीने मागं बसायला वाकल्या, तसे भाऊसाहेब म्हणाले, "थांबा." त्यांनी पुढचं दार उघडलं, सीटवरून रुमाल फिरवला आणि म्हणाले, "हितं. खिडकीपशी."

काकूंनी एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि बसल्या. पट्टा लावता येईना, जावयाने लावून दिला.

मग ते मागं शिरले. एका बाजूला बाजरीच्या पिठाचा डबा, दुसऱ्या बाजूला कुरडयांची पिशवी, काखेत रजिस्टर, आणि मांडीवर तुळस, दोन्ही हातांनी गच्च धरलेली. कुंडी मोठी होती, तिच्या फांद्यांतून त्यांचा नुसता चष्मा दिसत होता.

गाडी हलली. काकू खिडकीतून हात बाहेर काढून हलवत होत्या आणि हसत होत्या, चांगल्या मोठ्यांदा, पदर न लावता. मागच्या काचेतून भाऊसाहेबांनाही हात हलवायचा होता, पण हात मोकळा नव्हता. त्यांनी मान हलवली. गाडी कोपऱ्यावर वळली तेव्हा तुळस कलली, आणि ते ती सावरत होते.